टिटवीची चार अंडी

"गिरजामावशी, पाखरं हाकलली ना? पहिलं विमान पाच मिनिटांत उतरतंय!" वॉकीटॉकीतून साहेबांनी विचारलं.

"हाकलली की," ती खोटं बोलली.

धावपट्टीलगतच्या गवतात सकाळीच तिला टिटवीची चार अंडी दिसली होती. पाखरं हाकलणं, त्यांची अंडी काढून टाकणं हीच तिची नव्या विमानतळावरची नोकरी. पण त्याच विमानातून लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. अशा दिवशी कुणाची अंडी फोडायची? विमानतळाआधी इथं जोंधळ्याचं शेत होतं, तेव्हाही कुळव अंड्यांना वळसा घालूनच जायचा.

राहवेना म्हणून ती पुन्हा बघायला गेली आणि टिटवी भर्रकन उडाली. टाहो फोडत धावपट्टीवरच घिरट्या घालू लागली. गिरजानं गोफण गरगर फिरवली, तशी टिटवी आणखीच बिथरली. समोर विमानाचे दिवे मोठे होत होते.

"खाली बस गं बाई! माझी लेक आहे त्यात!"

मग उमगलं. ही विमानाला नाही, आपल्यालाच भ्यालीय.

गोफण टाकून गिरजा मागं पळाली, गवतात पालथी पडली. टाहो थांबला. चाकं टेकली, जमीन हादरली. तिनं मान वर केली.

टिटवी अंड्यांवर बसली होती. दोघीही थरथरत होत्या.