काठावरच्या पेशी

“आई, ठेवू नकोस ना. अजून थोडं बोल.”

चार वर्षांपूर्वीचा लेकीचा हा आवाज तिच्या उजव्या कानात अजून राहायला होता. लेक शिकायला दूर होती. रोज तासभर बोलणं व्हायचं. मग तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत गेल्या आणि आवाज थांबला. फोननं असं होतं का, ते कुणी छातीठोक सांगेना. म्हणून आता ती प्रयोगशाळेत उंदरांच्या पांढऱ्या पेशी मोजत होती.

दोन पिंजरे. एकाखाली फोन, दुसऱ्याखाली तेवढाच लाकडी ठोकळा. दुपारी दोनला तिनं आपल्या खोलीतून फोन लावायचा. तो आपोआप उचलला जायचा आणि तासभर चालू राहायचा. पलीकडून सळसळ यायची, कधी श्वास. उंदीरच ते. आसपास कुणी नाही असं पाहून ती हळूच म्हणायची, जेवलीस का गं? शेवट ठरलेला असायचा: माझ्या बोलण्यानंच गेलीस का गं, बाळा?

पिंजरे सांभाळणारे मामा माणसांशी मोजकं बोलत, उंदरांशी पोटभर. उंदरांचं रक्त लावलेल्या काचा तेच आणून ठेवत. फोनवाल्या पिंजऱ्याच्या काचांना लाल चिठ्ठी. मोजताना चिठ्ठ्या झाकायच्या असा नियम होता. पण लाल रंग कागदातूनही उमटायचा. त्या काचेवर, सूक्ष्मदर्शकातल्या मोजणीच्या चौकटीच्या काठाला पेशी दिसली की तिचे डोळे भरून यायचे, आणि ती पेशी मोजणीतून निसटायची.

लाल चिठ्ठीचे आकडे महिनोन्‌महिने घसरत गेले. आज अहवाल तयार होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना फक्त तिची सही हवी होती.

“झालं, मामा,” ती पेनाचं टोपण काढत म्हणाली. “कुणी मारलं माझ्या पोरीला, ते आता कागदावर येईल.”

मामांनी हातातला ट्रे खाली ठेवला. त्यांचा हात वरच्या खिशावर गेला.

“ताई, तुम्ही तिच्याशी बोलता ना, ते मी रोज ऐकतो.”

तिनं मान वर केली.

“पहिल्या दिवशी फोन थरथरला आणि सगळी पिल्लं भिऊन कोपऱ्यात एकमेकांवर चढली. मला बघवेना. तो तेव्हापासून माझ्या खिशात आहे. दोन्ही पिंजऱ्यांखाली ठोकळेच आहेत.”