आतल्या खोलीतला फोटो

"आई, वर्षभर लग्नांचे फोटो काढलेस आणि ह्यात एकही नवरी नाही?" माहेरपणाला आलेल्या ऋताने टेबलावरचे फोटो चाळत विचारलं.

कुंदाताई हसल्या. स्टुडिओच्या दर्शनी भिंतीसाठी त्यांनी यंदाचे आवडते सात फोटो निवडले होते, आणि सातही नवरीच्या आयांचे होते. मुलीचं लग्न लागताना आईने बघायचं नाही, आत बसून तुळशीला पाणी घालायचं, ही रीत. मंगलाष्टकं सुरू झाली की कुंदाताई स्टेज सहकाऱ्यावर सोपवून हळूच आत जायच्या, डावा डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघायच्या आणि एकच फोटो काढायच्या. एक आई तांब्या छातीशी धरून उभी होती. एकीने भिंतीला कान लावला होता. एक तर चक्क पेंगत होती. आठवडाभर झोप नव्हती बिचारीला.

"तुझ्या लग्नात मात्र कॅमेऱ्याला हात लावला नाही हं मी," त्या म्हणाल्या. "आजीला शब्द दिला होता. बसले आपली आत." मग जरा वेळ फोटो उगीचच सारखे करत राहिल्या. गावभरच्या मुलींची लग्नं टिपली, आपल्या लेकीचं तेवढं बघायचं राहून गेलं.

ऋताने पर्समधून एक फोटो काढून त्या सातांशेजारी ठेवला. "त्या दिवशीच्या फोटोग्राफरला मीच आत पाठवलं होतं."

फोटोत कुंदाताई तुळशीला पाणी घालत होत्या. तोंड मांडवाकडे, मध्ये कोरी भिंत. आणि डावा डोळा मिटलेला, फोटो काढताना त्या मिटायच्या तसाच.