पंगतीतलं पहिलं ‘नको’

“नको, नको,” नवरदेवाचे वडील महादेवराव म्हणाले, आणि बुंदीची बादली घेऊन आलेलं मशीन खरंच पुढं निघून गेलं.

महादेवरावांचा हात ताटावर तसाच राहिला. बोटं फाकलेली होती. तेवढ्या फटीतून पावशेर बुंदी आरामात पडली असती.

भिंतीला टेकून उभ्या पुंजारामनं ते पाहिलं. एकोणतीस वर्षं अकोल्याच्या लग्नांत वाढपी म्हणून राबलेला माणूस, हात पाहून पोट ओळखायचा. बोटं फाकलेली, तर वाढा. बोटं जुळलेली, तर अजून एकदा विचारा आणि वाढा. पाहुणा दोन्ही हातांनी ताट झाकून त्यावर आडवा पडला, तर मात्र थोडीच वाढा. पण मंगल कार्यालयाचा मालक कुलदीप सकाळीच त्याला म्हणाला होता, “काका, आज मशीननं जमवलं तं उद्यापासून तुमाले सुट्टी. कायमची.” म्हणून पुंजाराम भिंतीला होता आणि वाढप चाकांवर.

“आपल्याला पोळी हवी आहे का?” पोळ्यांचं मशीन पुढच्या बाईला विचारत होतं. आवाज गोड, पुण्याकडचा.

“नाई बाई, झालं.”

“धन्यवाद. आपलं जेवण पूर्ण झाल्याची नोंद केली आहे.”

दोनशे माणसांनी रीतीनं नको म्हटलं. दोनशे माणसांची नोंद झाली. चारही मशीनं भरल्या बादल्या घेऊन दहा मिनिटांत परतली, आणि पंगत जागच्या जागी बसून राहिली. व्याही, इकडच्या बोलीत इवाई, उठल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि इवाई उपाशी उठतील कसे? लोक ताटातलं मीठ चाटू लागले. एकानं लिंबाची तीच फोड तिसऱ्यांदा पिळली.

कुलदीप मोबाईल नाचवत आला. “पाहा काका! समाधानी पाहुणे शंभर टक्के! अन्न वाया गेलं, शून्य!”

“कोनी जेवलंच नाई तं वाया काय जाईन?” पुंजाराम म्हणाला.

तेवढ्यात नवरीचा बाप धावत आला, फेटा सुटून गळ्यात आलेला. “कुलदीपभाऊ, तिकडे इवाई उपाशी बसले अन् तुमी मोबाईल पाहून राहिले! माह्या पोरीचं लगन हाय, एकादशी नाई!”

मशीनांसोबत आलेला विपुल इंजिनिअर शांत होता. “काही नाही, आग्रहाचं सेटिंग कमी पडलंय,” म्हणाला आणि लॅपटॉपवर ते पूर्ण वाढवून दिलं.

मशीन पुन्हा महादेवरावांपुढं आलं.

“नको,” महादेवराव म्हणाले.

“घ्यावंच लागेल,” मशीन म्हणालं. एक डाव पडला. दुसरा पडला. चौथ्याला महादेवराव मनापासून म्हणू लागले, “पुरे! बस्स! अबे, थांब ना बे!” मशीनला सगळं सारखंच. बुंदी ताटातून मांडीवर आली, मांडीवरून नव्या कोटाच्या खिशात गेली. पलीकडं एका वकिलाच्या मठ्ठ्यात वांग्याची भाजी पडली. चौथं मशीन तर एका रिकाम्या खुर्चीपुढं अडून बसलं होतं. “आमचा मान ठेवा,” असं ते खुर्चीला म्हणत होतं, आणि खुर्चीवर पोळ्यांची चळत वाढत चालली होती.

विपुलनं घाईघाईनं बटण दाबलं. सगळी मशीनं थांबली.

“काका,” कुलदीपनं हात जोडले, “आता तुमीच वाढा. इज्जत चालली.”

पुंजारामनं बाह्या सरसावल्या.

“एक मिनिट काका,” विपुल म्हणाला. “हे एक मशीन तुमच्या मागे मागे येईल. कॅमेरा तुमच्या हातांवर राहील. कोणाला किती आग्रह करायचा ते सगळं तुमच्याकडून शिकून घेईल. पुढच्या लग्नापासून तुम्हाला त्रासच नाही.”

“म्हंजे माही सुट्टी मीच करू? अन् तेबी वाढता वाढता?”

विपुलनं लॅपटॉपवरून ते एक मशीन पुन्हा चालू केलं.

पुंजारामनं मशीनच्या कपाळावर लुकलुकणारा तो काळा डोळा पाहिला. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, मशीनच्या डोक्यावरून टाकला, पार खालपर्यंत ओढला, आणि गळ्याशी गाठ मारून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं.

“अहो काका, त्याला दिसत नाही!”

“दिसूबी नये. मले याचे डोये नाई पाह्यजेत, चाकं पाह्यजेत. बादली जड असते.” मग तो कुलदीपकडं वळला. “अन् उद्याच्या लग्नातबी असंच. मी पुढं, हे मागं. तोंड बंद, डोये बंद. कबूल नसन तं हे घ्या बादली, वाढा तुमी.”

कुलदीपनं बादलीकडं पाहिलं. महादेवराव कोटाच्या खिशातून बुंदी काढत होते. नवरीचा बाप फेट्यानं डोळे पुसत होता.

“कबूल,” कुलदीप म्हणाला.

पुंजाराम पंगतीत शिरला. “घ्या हो मामी, लाजता काय, पोरीकडचं हाय! अन् वकीलसायेब, मठ्ठा दुसरा आनतो, भाजीचं मनावर घेऊ नका!” खालमानेनं, पदर पुढं ओढून, बादली धरलेलं मशीन त्याच्या मागं मागं चालत होतं.

ओळीच्या शेवटाला नवरदेवाची आत्या बसली होती, मनकर्णाबाई. तिनं तीन पोळ्या घेतल्या, चौथी ‘नको, नको’ म्हणत घेतली, आणि मशीनला वरून खाली न्याहाळलं.

“वळण चांगलं लावलं हो पुंजारामभाऊ,” ती म्हणाली. “आताच लावलं तं लागते. मंग डोक्यावर बसते.”