सहलेखक

जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या न जाळता त्यांतलं कोबाल्ट काढायची पद्धत मृणालिनीच्या प्रयोगशाळेने शोधली; पण बॅटरी अलगद उघडण्याची हातोटी तिला शिकवली मालेगावच्या भंगारवाल्या इद्रीसचाचांनी. म्हणून शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं घालायला ती सगळ्यांशी भांडली.

निबंध छापून आला, तशी अंक घेऊन ती मालेगावला गेली. मधल्या वर्षात चाचांची नजर पार गेली होती. तीस वर्षं त्या डोळ्यांनी जळत्या बॅटऱ्यांचा धूर सोसला होता.

"कुठाय माझं नाव, बेटी?"

तिने त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

"हाताला काहीच लागत नाही," चाचा हसले. "मोठ्याने वाच. आत तुझ्या चाचीला ऐकू जाऊ दे."

मृणालिनीने पान वर धरलं आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्यात वरचं, चाचांचं नाव वाचलं.