रक्तसाक्षी

मठाधिपती विगबाल्ड यांचा देह सापडला, पण त्यांच्या अंगावर दुसराच कोणी पालथा पडला होता. लढाई परवाच संपली होती. उत्तरेचे दर्यावर्दी लुटारू गावं जाळून एल्ब नदीच्या वाटेने निघून गेले होते आणि सॅक्सन माणसं माळभर बर्फात पडली होती. त्या सगळ्यांना ख्रिस्ती धर्मासाठी जीव दिलेले रक्तसाक्षी म्हणून ख्रिस्ती देवळाच्या आवारात पुरायचं ठरलं होतं.

पाद्री फोल्कवार्ड यांनी वरच्या माणसाचं तोंड वळवलं आणि त्यांचे हात थबकले. तो गेरवार्ट होता. गळ्यात गडगडाटाच्या जुन्या देवाचा इवलासा लोखंडी हातोडा. साऱ्या गावाने बाप्तिस्मा घेतला, याने शेवटपर्यंत घेतला नव्हता.

त्याची बायको हाडेवी मागेच उभी होती.

"याला वेगळं पुरावं लागेल, बाई," फोल्कवार्ड म्हणाले.

तिने मान डोलावली. ती हे गृहीत धरूनच आली होती.

तेव्हा बैलगाडीत निजवलेला गावातला पोरगा एबो बोलू लागला. त्याचा पाय मोडला होता. मेलेल्या घोड्याआड निपचित पडून राहिला म्हणून तो वाचला होता, आणि त्याने सगळं पाहिलं होतं. आपली फळी फुटली, जो तो पळत सुटला. मठाधिपती बर्फात कोसळले. त्यांच्यासाठी गेरवार्ट तेवढा मागे फिरला. लुटारूंनी घेरलं, तोच त्यांच्या म्होरक्याला हातोडा दिसला. त्याने आपल्या गळ्यातला तसाच हातोडा काढून दाखवला. म्हणाला, तू तर आमचाच, हो बाजूला.

"मग?" हाडेवीने विचारलं.

"गेरवार्टकाका म्हणाले, 'म्हातारा दमलाय. पडू दे त्याला जरा.' आणि त्यांच्यावर आडवे झाले."

दोघांनी गेरवार्टला उचलून बाजूला ठेवलं. त्याच्या पाठीत भाल्यांची पाती मोडून राहिली होती.

फोल्कवार्ड गुडघ्यांवर बसून मठाधिपतींना चाचपू लागले. मान, छाती, बरगड्या. झग्यावर रक्त गोठलं होतं, पण आत कातडीवर साधा ओरखडा नव्हता. थंडीनेच गेले असावेत. चेहरा झोपलेल्यासारखा होता.

मग फोल्कवार्ड सरकत गेरवार्टपाशी गेले आणि वाकून त्यांनी त्याच्या पायांना ओठ लावले. मागे एकेकाने टोपी काढली.

हाडेवी नवऱ्याच्या दाढीतला बर्फ बोटांनी काढत होती.