बुवांनी सोडलेली जोडी

तिसरा दगड डोक्यात बसला तरी मांगूर माशाची मादी तडफडतच होती. नर काठावर मरून पडला होता. हैबतीबुवांचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते.

कीर्तनात भूतदया ऐकून त्यांनीच ही जोडी बाजारातल्या सुरीखालून सोडवली आणि वाळवंटातल्या या झऱ्यात आणून सोडली होती. जगात फक्त इथंच सापडणारे बोटभर चंदेरी मासे या मांगुरांनी गिळले. आता पाच-सहाच उरले होते.

“अहो, गळ्यातली माळ तरी काढायची!” काठावरून बायको ओरडली.

“कशाला? बघू दे की पांडुरंगाला!”

चौथ्या घावात कवटी फुटली. बुवांनी पोट फाडलं. आत अंडी उरलीच नव्हती. बुवांच्या पायाशी पाण्यात मिशाळ पिल्लांचा काळा घोळका वळवळत होता.

बायको घराकडे पळाली. पिठाची चाळण घेऊन आली, पदर खोचला आणि “विठ्ठल विठ्ठल” म्हणत पाण्यात उतरली.