चार कोठ्यांचं घर

राखेच्या रेघा मारून आखलेल्या नव्या घरात सुखवंता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. तिला झोपायची खोली सापडली नाही. पाच खोल्यांपैकी चार धानाच्या कोठ्या होत्या. उरलेल्या एकीत चूल, देव आणि घरची चार माणसं मावायची होती.

सून दुलारीला नुकतेच दिवस गेले होते. तिच्या बाळंतपणापुरती तरी एक खोली ठेवा, असं सुखवंतानं नवऱ्याला सांगून पाहिलं.

"माणूस ओसरीतही झोपते," चैनलाल म्हणाला. "धान कुठी ठेवू?"

गेल्या साली लढाईच्या लेव्हीत, सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, त्यांचं धान सरकारी गाड्यांतून देवरीकडं गेलं होतं. श्रावणात घरच्यांनी मोहाची फुलं उकडून खाल्ली. चैनलालच्या म्हाताऱ्या आईला ती पचली नाहीत. पोळ्याच्या आधीच ती गेली. तेव्हापासून चैनलालला घर म्हटलं की आधी कोठी दिसायची.

बकाराम मिस्त्रीनं पावसाआधी भिंती उचलल्या. ओल चढू नये म्हणून जोतं कमरेइतकं उंच घेतलं. दारं अशी रुंद, की बैलगाडी मागं सारली तर थेट उंबऱ्याला लागावी. शेवटच्या कोठीत चैनलालनं त्याला एकट्याला नेलं आणि मागच्या भिंतीपुढं चार हात सोडून दुसरी भिंत घालायला सांगितलं. बकारामनं काही विचारलं नाही. चैनलालला ते जास्तच खुपलं.

मळणी झाली. वर्षभराचं खायचं आणि बियाण्याचं धान त्या दोन भिंतींमध्ये ओतून वरचं तोंड लिंपून टाकलं. बाकीच्या कोठ्यांत दाखवण्यापुरतं ठेवलं.

धास्ती तिथून खरी लागली. बकाराम बाजारात कुणाशी बोलताना दिसला, की चैनलाल जाऊन शेजारी उभा राहायचा. नवी भिंत इतरांपेक्षा गडद दिसते, असं त्याला वाटे. म्हणून तो ती पुन्हा पुन्हा सारवून घेई आणि त्यामुळं ती कधी वाळेचना.

"तुमीच बोट दाखवून राहिले तिच्याकडं," सुखवंता एकदा म्हणाली. त्यानं सारवणं बंद केलं. झोप मात्र आली नाही.

मार्गशीर्ष सरता सरता सप्लाय इन्स्पेक्टर दारात उतरला. दुलारीचे दिवस भरत आले होते. ती ओसरीत पडून होती, ती कशीबशी उठून आत गेली.

इन्स्पेक्टरनं पाणीही घेतलं नाही. शिपायाला फीत धरायला लावून तो एकेक कोठी मोजत गेला. काठीनं भिंती ठोकल्या. शेवटच्या कोठीत तो बराच वेळ थांबला.

"पटेल, ही आखणी कुणाची?"

"माहीच जी."

उंदीर लागतात का, असं त्यानं विचारलं. पावसात ओल येते का, तेही विचारलं. चैनलालनं नाही म्हणून सांगितलं. काठी आता जमिनीवर टेकली होती. शिपाई फीत गुंडाळत होता. भिंतीबद्दल एक शब्दही निघाला नव्हता. चैनलालच्या छातीवरचा दगड उतरला, आणि आठ महिने गप्प राहिलेला माणूस बोलू लागला. जोत्याची उंची, खाली कुटलेला मुरूम, दाराशी लागणारी गाडी, सगळं त्यानं सांगितलं. सुखवंता चुलीजवळून त्याला डोळ्यांनी थांबवत होती. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"पोती किती मावतील?"

"हजार तं सहज," चैनलाल म्हणाला.

इन्स्पेक्टरनं वहीत लिहून घेतलं. पहिल्यांदाच तो हसला.

"अकरा गावांच्या लेव्हीचं धान ठेवायला महिनाभर जागा शोधतोय मी. असं गोदाम या भागात दुसरं नाही. परवा गाड्या येतील, तोवर घर खाली करून द्या, पटेल. कुलूप सरकारी लागेल."